वालाचे बिरडे पोटात गेल्यावर

अन्न पचते म्हणजे त्यातले मोठे रेणू तुटून इतके बारीक होतात की आतड्याच्या अस्तरातून ते पलीकडे रक्तात जाऊ शकतात. भातातले पिष्ट ही ग्लुकोजच्या शेकडो-हजारो कड्यांची साखळी असते. ती अखंड रक्तात शिरत नाही. कडी न् कडी सुटावी लागते. तसेच प्रथिनांची अमिनो आम्ले व्हावी लागतात आणि तेला-तुपाची स्निग्धाम्ले. पाणी, मीठ आणि बहुतेक जीवनसत्त्वे मुळातच लहान असल्याने त्यांना तोडण्याची गरज नसते, अन्नाच्या गुंत्यातून ती मोकळी झाली की पुरे.

हे सारे कसे घडते ते एखादे नेमके ताट डोळ्यांसमोर ठेवले की चांगले समजते. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधली चिखलोली मुळात भातशेतीच्या पट्ट्यातली. पावसाळी भात कापून झाला की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, ही ठाणे-रायगडकडची जुनी रीत. आता आसपास कारखाने आले, इमारती आल्या, खाचरे आक्रसली. ताट मात्र बरेचसे तेच राहिले आहे: तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, सुक्या जवळ्याची चटणी, लिंबू पिळलेला कांदा आणि शेवटी भात. पिष्ट, प्रथिने, तेल, तंतू आणि पचायला अवघड अशा दोन-तीन गोष्टी या एकाच ताटात आहेत.

चुलीवर सुरू होणारे काम

पचनाची सुरुवात तोंडात होते असे शाळेत शिकवतात. वालाच्या बाबतीत ती आदल्या रात्री भिजवणीच्या पातेल्यात होते. वाल रात्री भिजत घालतात, सकाळी उपसून फडक्यात बांधतात, मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून सोलतात. घरात दोन-तीन जणी बसल्या तरी किलोभर वाल सोलायला बराच वेळ जातो, आणि एवढा खटाटोप कशासाठी असा प्रश्न नव्या सुनेला पडतोच. चवीखेरीज त्याला रसायनशास्त्राचीही कारणे आहेत.

कडधान्याचा दाणा म्हणजे पुढच्या रोपाची शिदोरी. ती कीटकांनी आणि प्राण्यांनी फस्त करू नये म्हणून दाण्यात बचावाची सोय असते. वालात असे एक प्रथिन असते, जे आतड्यातल्या ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराला चिकटून त्याला निकामी करते. हे प्रथिन वालातून शुद्ध स्फटिकरूपात वेगळे करण्याचे काम मुंबईत झाले. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांनी मुंबईच्या विज्ञान संस्थेत एका सहकाऱ्यासह ते केले आणि १९५५ साली त्याची नोंद ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सोहोनी माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवत यांच्या भगिनी. केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्यावर त्यांनी कडधान्ये आणि नीरा यांसारख्या गरिबाच्या आहारातल्या पदार्थांवर काम केले. परदेशी प्रयोगशाळेत शिकलेली विद्या वालाच्या दाण्यावर वापरणाऱ्या या बाईंचे नाव पाठ्यपुस्तकात दुर्गाबाईंइतके दिसत नाही, ही खेदाची बाब आहे.

अशी रोधक प्रथिने पोटात गेली तर काय होते, हे कच्चे सोयाबीन खाऊ घातलेल्या उंदरांवर दिसून आले: त्यांची वाढ खुंटली आणि ट्रिप्सिन तयार करता करता स्वादुपिंड फुगले. पाण्यात शिजवल्यावर उष्णतेने या प्रथिनांची घडी मोडते आणि त्यांचा उपद्रव बव्हंशी संपतो. भिजवणे आणि मोड आणणे यांचा फायदा वेगळा. मोड फुटताना दाणा स्वतःच्या साठ्यातल्या काही अवघड साखरा वापरून टाकतो आणि लोह, जस्त यांना बांधून ठेवणारे फायटेटही कमी होते. तुरट टॅनिन मुख्यतः सालीत असते, ते साल काढली की गेले.

भाकरीचीही अशीच तयारी होते. कच्च्या तांदळातले पिष्ट घट्ट कणांत दाबून भरलेले असते, त्यात विकरांना शिरकाव मिळत नाही. पिठी उकळत्या पाण्यात घालून उकड काढली की कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. शिजवलेला भात गार होऊ दिला तर यातल्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना चिकटतात. म्हणून शिळ्या भातातला थोडा भाग लहान आतड्यात पचत नाही, तो तसाच पुढे सरकतो.

तोंड आणि जठर

दात अन्नाचे तुकडे करतात, पण तुकडे कितीही बारीक झाले तरी रेणू तसेच राहतात. रेणू तोडायला विकरे लागतात. पहिले विकर लाळेतले अमायलेज. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ सुटते. भाकरीचा घास नुसता, कालवण न लावता, मिनिटभर चावत राहिले तर तो गोडसर लागू लागतो, कारण पिष्टापासून माल्टोज ही साखर सुटायला लागलेली असते. प्रत्यक्षात कोणी इतका वेळ चावत नाही. घास काही सेकंदांत गिळला जातो आणि जठरातल्या आम्लात अमायलेज थोड्या वेळाने बंद पडते. तोवर जेवढे काम होते तेवढेच.

लाळेत प्रथिनेही असतात. बदलापूरची जांभळे खाल्ल्यावर तोंडाला कोरड पडल्यासारखे, जीभ ओढल्यासारखे होते, त्याचे कारण जांभळातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडून त्यांचा साका करते आणि तोंडातला ओशटपणा जातो. तो परिणाम तेवढ्यापुरताच.

घास गिळताना श्वासनलिकेवर झाकण येते आणि सुमारे २५ सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून स्नायूंच्या लाटा त्याला खाली नेतात. या कामाला गुरुत्वाकर्षणाची गरज नसते. आडवे पडूनही गिळता येते, फक्त ते शहाणपणाचे नाही.

जठर रिकामे असताना मुठीएवढे असते आणि जेवणानंतर लिटर-दीड लिटर अन्न सहज सामावून घेते. त्याच्या भिंतीतून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन स्रवतात. आम्ल इतके तीव्र की जठरातला सामू दीड-दोनपर्यंत उतरतो. त्यात बहुतेक जंतू मरतात, वालातली आणि जवळ्यातली प्रथिने उलगडतात आणि पेप्सिन त्यांचे लांब धागे मधे मधे कापते. जठराची भिंत स्वतः प्रथिनांचीच, पण श्लेष्माचा जाड थर तिला सांभाळतो.

पोटाच्या आत काय चालते हे डोळ्यांनी पहिल्यांदा नीट पाहायला मिळाले ते एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. जखम भरली, पण पोटाच्या कातडीतून जठरात जाणारे भोक तसेच राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे, भाजीचे तुकडे आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि जठररस बाटलीत घेऊनही तेच करून पाहिले. १८३३ मध्ये त्यांनी निरीक्षणे छापली. जठर अन्न दळते की शिजवते या जुन्या वादाचा निकाल लागला: ते रसाने विरघळवते. सेंट मार्टिनला या प्रयोगांचा उबग आला होता आणि तो मधून मधून निघून जात असे. त्याच्या जागी कोणीही गेला असता.

जठरातल्या व्रणाचे खापर आपल्याकडे तिखटावर फोडले जाते. सुक्या जवळ्याच्या चटणीलाही ते ऐकून घ्यावे लागते. तिखटाने आधीचे दुखणे चाळवू शकते, पण व्रणाची मुख्य कारणे दोन: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू आणि वेदनाशामक गोळ्यांचा सततचा वापर. हा जिवाणू शोधणारे बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी मार्शल यांनी स्वतः त्या जिवाणूचे पाणी पिऊन जठराला सूज आणून दाखवली होती.

जठर आणखी एक प्रथिन तयार करते, ज्याला धरूनच ब-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. वाल-भातात ब-१२ नसते. या ताटात ते येते जवळ्यातून. जवळ्याचे कवच मात्र कायटिनचे असते. ते तोडणारे विकर माणसाच्या जठरात थोडेफार असते, तरी बरेचसे कवच न पचताच पुढे जाते.

जठर किती वेळात रिकामे होते हे ताटात तेल किती यावर ठरते. भात-भाकरी दोन-तीन तासांत पुढे सरकते. उल्हासनगरात सकाळी दाल-पकवानाचा नाश्ता केलेल्याला दुपारपर्यंत भूक लागत नाही, कारण तळलेल्या मैद्यातले तेल आतड्यात पोहोचू लागले की तिथून जठराला ‘हळू’ असा इशारा जातो.

लहान आतडे

खरे पचन इथे होते. जठरातला आंबट लगदा थोडा थोडा करून आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या २५ सेंटिमीटरच्या भागात, येतो. आम्ल तिथल्या भिंतीला लागताच भिंतीतून सिक्रेटिन हा पदार्थ रक्तात जातो आणि स्वादुपिंडाला रस सोडायला लावतो. १९०२ मध्ये लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हे दाखवले, तेव्हा शरीरात मज्जातंतूंखेरीज रक्तातूनही निरोप जातात हे कळले. सिक्रेटिन हे ओळखले गेलेले पहिले संप्रेरक.

स्वादुपिंडाचा रस दिवसाला साधारण दीड लिटर. त्यातल्या बायकार्बोनेटने आम्ल मारले जाते आणि विकरांना कामाजोगे वातावरण मिळते. अमायलेज पिष्टाचा उरलेला फडशा पाडते, लायपेज तेल तोडते, ट्रिप्सिन प्रथिने कापते. ट्रिप्सिन स्वादुपिंडात निष्क्रिय अवस्थेत ठेवलेले असते. आतड्यात आल्यावर तिथले एक विकर त्याचा तुकडा छाटून त्याला जागे करते. ही खबरदारी सुटली आणि ते ग्रंथीतच जागे झाले तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. दारूमुळे किंवा पित्तखड्यामुळे होणाऱ्या स्वादुपिंडदाहात नेमके हेच घडते, आणि तो आजार जिवावर बेतू शकतो. कमला सोहोनींच्या वालातले प्रथिन ज्याला अडवते ते हेच ट्रिप्सिन. बिरडे नीट शिजलेले असले की इथे अडथळा येत नाही.

तेल पाण्यात मिसळत नाही आणि विकरे पाण्यात असतात, ही स्निग्ध पदार्थांची अडचण. ती यकृताचे पित्त सोडवते. खरकट्या तव्यावरचा तेलकटपणा साबणाने सुटा होतो तसे पित्तक्षार तेलाचे बारीक थेंब करतात आणि लायपेजला त्यांच्या पृष्ठभागावर काम करता येते. पित्ताशयात साठवलेले पित्त तेलकट जेवणानंतर पिळून बाहेर पडते. खडे असलेल्यांना पकवान किंवा भजी खाल्ल्यावर कळ येते ती यामुळेच.

शेवटची तोड आतड्याच्या अस्तरावरच होते. माल्टोज, साखर आणि दुधातली लॅक्टोज यांचे दोन-दोन तुकडे करणारी विकरे तिथे पेशींच्या टोकांवर बसवलेली असतात. लॅक्टोज तोडणारे विकर लहानपणानंतर अनेकांत कमी होत जाते. अशांना दूध बाधते, दही-ताक मात्र बऱ्यापैकी चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी लॅक्टोज आधीच कमी केलेले असते.

आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या असतात, घड्यांवर अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे अंकुर, आणि अंकुरांवरच्या पेशींना त्याहून सूक्ष्म केसाळ किनार. सगळे पसरले तर टेनिसचे मैदान भरेल असे अनेक पुस्तकांत छापलेले आहे. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केले तेव्हा सगळ्या पचनमार्गाचे आतले क्षेत्रफळ तीस-चाळीस चौरस मीटरच्या आत भरले, म्हणजे बॅडमिंटनचे अर्धे मैदान. आकडा उतरला तरी पोटात मावणाऱ्या नळीसाठी तो थोडा नाही. या अस्तरातल्या पेशी तीन ते पाच दिवसांत झडून नव्या येतात.

ग्लुकोज या पेशींत एकटे शिरत नाही. त्याच्यासोबत सोडियम लागते, आणि दोघे आत गेले की पाणी त्यांच्यामागून जाते. जीवरसायनातली ही बारीकशी गोष्ट लाखो मुलांचे प्राण वाचवणारी ठरली. पटकीत आतड्यातून पाणी वाहून जाते, पण ग्लुकोज आणि सोडियम आत नेणारी ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत शिरेवाटे द्यायचे सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी तोंडाने द्यायला सुरुवात केली. इतरत्र वीस-तीस टक्के रुग्ण दगावत असताना त्यांच्या देखरेखीखाली हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत राहिले. घरी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा आणि मिठाचा अर्धा सपाट चहाचा चमचा हे प्रमाण धरतात. मीठ जास्त झाले तर अपाय होतो, म्हणून औषधाच्या दुकानातली ओआरएसची पुडी बरी. पोट बिघडल्यावर मीठ घालून तांदळाची पेज देण्याची चाल याच तत्त्वावर उतरते: पेजेतल्या पिष्टाचे ग्लुकोज होते आणि मिठातून सोडियम मिळते.

वालातले लोह शोषायला अवघड. लिंबातले क जीवनसत्त्व ते विरघळते ठेवते, त्यामुळे कांद्यावर पिळलेली लिंबाची फोड नुसती चवीची नाही. जेवणावर लगेच चहा घेतला तर नेमके उलटे होते.

यकृतात आणि पुढे

ग्लुकोज आणि अमिनो आम्ले घेऊन निघालेले रक्त आधी एका मोठ्या शिरेने यकृतात जाते. तेल मात्र वेगळ्या वाटेने जाते: अस्तराच्या पेशी स्निग्धाम्लांची पुन्हा मोट बांधून ती लसिकावाहिन्यांत सोडतात आणि मानेच्या डाव्या बाजूला ती रक्तात मिसळते. म्हणून तेलकट जेवणानंतर काही तासांनी काढलेल्या रक्ताचा द्रव दुधाळ दिसतो.

यकृत जादा ग्लुकोजचे ग्लायकोजेन करून ठेवते, सुमारे शंभर ग्रॅम. स्नायूंत त्याच्या तीन-चार पट मावते. मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते, त्यामुळे रात्रभराच्या उपाशीपणात यकृताचा साठा बराच उतरतो. साठे भरल्यावरही ग्लुकोज उरले तर त्याची चरबी होते. अमिनो आम्लांतून स्नायू, विकरे, हिमोग्लोबिन घडतात; उरलेल्यांचा नायट्रोजन यकृत युरियात बदलते आणि मूत्रपिंडे तो लघवीवाटे टाकतात. जादा प्रथिने साठवण्याची सोय शरीरात नाही.

ऊर्जा प्रत्यक्ष मिळते ती पेशींत. ग्रॅमभर पिष्टातून किंवा प्रथिनांतून सुमारे ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थातून ९. प्राणवायूच्या साहाय्याने ग्लुकोज आणि स्निग्धाम्ले जाळली की उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. अंगावरची चरबी घामातून जाते असा समज व्यायामशाळांत घट्ट आहे. ती बहुतांश श्वासावाटे, कार्बन डायऑक्साइड होऊन जाते.

मोठे आतडे

प्यालेले पाणी आणि सगळे पाचकरस मिळून दिवसाला आठ-नऊ लिटर द्रव लहान आतड्यात येतो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो, लिटर-दीड लिटर मोठ्या आतड्यात उतरतो. त्याबरोबर येते न पचलेले सारे: वालातले तंतू, जवळ्याचे कवच, शिळ्या भातातले हट्टी पिष्ट, आणि राफिनोज, स्टॅकिओज या साखरा. या साखरांची एक विशिष्ट जोड तोडणारे विकर माणसाकडे नाहीच. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंकडे ते असते. माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू राहतात असा २०१६ चा अंदाज आहे, आणि त्यातले बहुतेक इथेच. त्यांना या साखरा मिळाल्या की हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या पोटात मिथेन तयार होतो. वाल वातूळ म्हणतात ते यामुळे. बिरड्याला हिंगाची फोडणी देतात, त्याने पोटाला बरे वाटत असेल. पण साखरा कमी होतात त्या वाल भिजवून पाणी ओतून दिल्याने आणि मोड आणल्याने.

वायू हा या आंबवण्याचा एकच परिणाम नव्हे. जिवाणू तंतूंपासून ब्युटिरेटसारखी लहान स्निग्धाम्ले तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराचे ते मुख्य खाद्य असते. थोडे के जीवनसत्त्वही तयार होते. नेहमी वाल खाणाऱ्याला त्याचा त्रास कमी जाणवतो, नवख्याला जास्त. कडधान्यांची सवय नसलेल्यांनी ती एकदम न वाढवता हळूहळू वाढवावीत.

उरलेले पाणी इथे शोषले जाते आणि दीड-दोनशे मिलिलिटर सोडून बाकीचे शरीरात परत येते. मळात तीन चतुर्थांश पाणीच असते. सुक्या भागात न पचलेल्या तंतूंबरोबर जिवाणूंचा वाटा मोठा असतो. तपकिरी रंग येतो तो जुन्या तांबड्या रक्तपेशी मोडून पित्तात उतरलेल्या द्रव्यामुळे. पित्ताची वाट बंद झाली तर मळ पांढुरका होतो. आज दुपारी खाल्लेल्या बिरड्यातून जे शरीराला घेता आले नाही, ते बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात.